पाळीपलीकडे चक्की चालू होती

"देवाच्या खोलीत देवापरीस त्याचीच सेवा जास्त होऊन राहिली," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "दिवसभर मिचमिच, मिचमिच. एक दिवस फुलं मी चुकून त्याच्यावरच वाहीन."

सासूबाई, म्हणजे गंगाबाई, डब्याबद्दल बोलत होत्या. डबा म्हणजे माझ्या मुलीने, नीतूने, बसवलेला छोटा संगणक. जेवणाच्या डब्याएवढाच, पुढे हिरवा दिवा. असे पाच डबे गावातल्या पाच घरांत होते.

ही सारी वाळवीची करणी. आमचं गाव सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून. वनजमिनीच्या दाव्यांचे गावचे सगळे कागद एकाच लाकडी पेटीत ठेवलेले होते. एका उन्हाळ्यात पेटी उघडली, तर आत माती. नीतू तेव्हा नागपूरची नोकरी सोडून नुकतीच घरी आली होती. उरलेसुरले कागद, लोकांकडच्या नकला, सगळं तिने गोळा केलं आणि संगणकात घातलं. पण एका जागी नाही. प्रत्येक कागदाचे तुकडे पाच डब्यांत वाटून ठेवले. कोणतेही तीन डबे चालू असले की कागद पुरा उघडतो. एका घराला आग लागो नाहीतर तिथे चोर शिरो, कागद मरत नाही.

"याला विकेंद्रित साठवण म्हणतात, आई."

मी सातवी शिकलेली. बाकीचं वाचून वाचून आलं. म्हटलं, "मग आपल्या तलावासारखंच की. एकट्या कोणाच्या बापाचा नाही."

"हे वाक्य अर्जात टाक," ती म्हणाली. टाकलं.

अर्ज होता बंगळूरच्या एका संस्थेकडे, अनुदानासाठी. मराठी मी लिहायची, नीतू त्याचं इंग्रजी करायची. अनुदान मिळालं, तर आजूबाजूच्या गावांतही डबे बसणार होते आणि नीतू इथेच राहणार होती. नाही मिळालं, तर काय हे तिच्या बाबांनी, केवळरामांनी, आधीच सांगून टाकलं होतं. दिवाळीनंतर नोकरी, नाहीतर लग्न. तिसरं काही नाही.

'गावातील सर्व समाजघटकांचा सहभाग' हे वाक्यही माझंच. लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र' लागतं, तसं अर्जात हे लागतंच.

घरं केवळरामांनी निवडली. नीतूची अट एवढीच की जागा धूळ नसलेली, कुलपाची हवी. अशी जागा आमच्याकडे एकच असते. पाचही घरांत डबा देवाच्या खोलीत गेला. आणि पाचही घरं तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडची. पलीकडे टोला, गावाबाहेरची वस्ती. दावे बहुतेक टोल्यातल्यांचेच, कारण जंगलातली जमीन तेच कसतात. "एक डबा टोल्यात ठेवू या का?" नीतूने एकदा विचारलं होतं.

"पुढच्या टप्प्यात पाहू," तिचे बाबा म्हणाले. टप्पा हा शब्द ते अर्जातूनच शिकले होते.

चाचणीच्या दिवशी संस्थेचे साहेब व्हिडिओवर येणार होते. एक दावा त्यांच्यासमोर उघडून दाखवायचा होता. नीतूने टोल्यातल्या धुरपताला बोलावलं, तिचाच दावा दाखवू म्हणून. धुरपता आणि मी एकाच बांधीत भाताचं रोवणं करतो. चिखलात आमचे पाय कोणते कोणाचे हे कळत नाही. पण आमच्याकडे आली की ती छपरीच्या पायरीशी उभी राहते. त्या दिवशीही तिथेच उभी राहिली. आत ये, असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

"माहा कागद कोठी हाय, बाई?"

"आत, देवाच्या खोलीत."

"बरा हाय ना?" दवाखान्यात ठेवलेल्या लेकराबद्दल विचारावं तसं तिने विचारलं.

साहेब पडद्यावर आले. गोरटेले, हसतमुख, हिंदीत बोलणारे. नमस्कार-चमत्कार झाले, नीतूने टोल्यातली धुरपताही दाखवली आणि फट्दिशी आवाज आला. पंखा थांबला. चौकातली विजेची डीपी उडाली होती.

"काही नाही, लॅपटॉप बॅटरीवर आहे," नीतू म्हणाली. "नेट मोबाईलचं आहे. आपल्याला तीनच डबे लागतात."

मग तिच्या लक्षात आलं. पाचही डबे त्याच डीपीवर होते. डब्यांच्या बॅटऱ्या अनुदान आल्यावर घ्यायच्या होत्या.

"मेला वाटते," सासूबाई आतून म्हणाल्या. "बरं झालं."

"कागज़ खुला, नीतूजी?" साहेबांनी विचारलं.

नीतूने पुन्हा बटण दाबून पाहिलं. पंखा बंद, त्यामुळे पाळीपलीकडून पिठाच्या चक्कीची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

"ये आवाज़ काहे की है?"

"चक्की है, सर. टोले की."

"मतलब वहाँ बिजली है. तो वहाँवाला डिब्बा चालू होगा?"

केवळराम पुढे वाकले. "वहाँ नेट नहीं पकड़ता, साहब."

टोल्यातली पोरं दिवसभर फोनवर नाचगाणी पाहत असतात, हे केवळरामांनाच सगळ्यांत जास्त माहीत. येता-जाता तेच त्यांना शिव्या देतात.

"और छत टपकती है," मी म्हटलं. आमचीही गळते. या पावसात सासूबाईंनी देवाखाली परात ठेवली होती.

साहेब हसायचे थांबले. "वो अम्मा टोले से हैं ना? उनसे पूछिए, डिब्बा रखने में उन्हें क्या दिक़्क़त है?"

नीतूने लॅपटॉप छपरीकडे वळवला. धुरपताने आधी केवळरामांकडे पाहिलं, मग नीतूकडे. पोरीचा चेहरा उतरलेला. धुरपताने पदर सारखा केला.

"उंदीर लय हायेत जी आमच्याकडं. तार खाऊन टाकतेत."

तिच्या घरी दोन मांजरी आहेत. मी पाहिल्यात, बाहेरून.

"अच्छा, चूहे!" साहेबांना हायसं वाटलं. "उसका तो इंतज़ाम हो जाएगा. अर्ज़ी में जोड़ दीजिए." ते काहीतरी लिहूही लागले. केवळराम मागे टेकले. अर्ज बचावला होता. मी मनात उंदरांचं वाक्य जुळवायलाही घेतलं.

नीतूने लॅपटॉप स्वतःकडे वळवला नाही. ती उठून धुरपताजवळ पायरीवर जाऊन बसली आणि आतल्या आजीलाही कळावं म्हणून घरच्याच बोलीत, मोठ्याने म्हणाली, "धुरपताकाकू, तू काऊन खोटं बोलून राहिली आमच्यासाठी? उंदीर नाई जी, साहेब. आमी यायच्या घरचं पाणी पेत नाई. म्हणून डबा नाई ठेवला."