दारावरचं नाव

मित्रांनो, मी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतचा एक जुना मासळीचा टेम्पो आहे. वास येत असेल तर खुशाल नाक दाबा, पण ऐका. माझं एक काम अडलं आहे आणि ते मला स्वतःला करता येत नाही.

नवा होतो तेव्हा मी असा निळा होतो की आवडाबाईंनी माझ्या चकचकीत दारात बघून कुंकू नीट केलं होतं. ही थाप नाही. आवडाबाई म्हणजे गोमाजींची बायको. गोमाजी खाडीत होडी हाकत आणि आवडाबाई मला घेऊन पहाटे कल्याणच्या बाजारात मासळी पोचवत. परत आल्यावर त्या आधी मला गोड्या पाण्याने आंघोळ घालत आणि मग स्वतःचे पाय धूत. मासळीचं खारं पाणी रंग खातं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच वर्षी त्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात जाऊ लागल्या. माझ्या दारावर नाव घालायला पेंटर आला, तर त्याच्या हातातला ब्रश यांनीच काढून घेतला. "माजा नाव मी लिवीन," म्हणाल्या. पिवळ्या रंगात त्यांनी 'आवडाबाई' लिहिलं. 'बा' बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा झाला आणि 'ई'ला जागाच उरली नाही, म्हणून ती कडीच्या खाली घसरली. पेंटर नीट करून देतो म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पुढे मासळीच्या धबडग्यात तो वर्ग सुटला. त्यांच्या हातचं अक्षर त्या दाराखेरीज दुसरीकडे कुठेही नाही.

तीन वर्षांपूर्वी आवडाबाई गेल्या आणि स्टिअरिंग त्यांच्या लेकीच्या, मेघालीच्या हाती आलं. पोरगी चालवते झकास, पण घरी येईपर्यंत तिचा पार पिट्टा पडलेला असतो. आज राहू दे, उद्या धुऊ, असं करता करता माझी आंघोळ सुटली. मिठाने आणि उन्हाने मिळून माझा निळा रंग असा पांढुरका केला की अंगावर हात ठेवला तर तळव्याला भुकटी लागे. मला त्याची फार लाज वाटायची. आरशाबिरशाचं सोडा, कावळासुद्धा माझ्यात डोकावेनासा झाला.

मग फेब्रुवारीत पासिंग आलं. पासिंग म्हणजे आम्हा गाड्यांची सरकारी तपासणी. ते झालं नाही तर रस्त्यावर उतरायचं नाही. साहेबांनी माझ्यावर हात फिरवला, पांढरा झालेला तळवा मेघालीला दाखवला आणि दहा दिवसांची मुदत दिली.

मेघाली म्हणाली, पूर्ण रंगवून टाकू. गोमाजी माझ्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "त्या रंगाखाली तुजी आय जाईल, बाय."

दहातले आठ दिवस बापलेकीच्या भांडणात गेले. नवव्या दिवशी मला खोपटच्या एसटी डेपोमागे प्रशांतकडे नेलं. तो जुन्या गाड्यांना रबिंग-पॉलिश करून देतो. त्याने माझ्या कोपऱ्यावर थोडी पेस्ट लावून फडकं गोल गोल फिरवलं, आणि मित्रांनो, तिथे रुपयाएवढा निळा रंग उमलला.

"रंग मेला नाय काका," प्रशांत म्हणाला. "वरची कातडी मेलीय. ती काढली की खाली तसाच हाय. पण ती पिवळी अक्षरं ब्रशची आहेत, घासली की उठतील. तिथे हात नाय लावायचा." त्याने नावावर कागद ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.

दुपारपर्यंत माझं तोंड, पाठ, डावी बाजू लख्ख झाली. मी हरखून गेलो होतो. प्रशांत जेवायला गेला, मेघाली पाणी आणायला गेली. गोमाजी माझ्याजवळ एकटे उरले.

गोमाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन ते कधीपासून टाळत आले आहेत. त्यांनी बोटांनी मला चाचपलं. सगळीकडे गुळगुळीत लागलं आणि दाराशी कागद लागला. आता त्यांच्या घरची रीत अशी, की नारळी पुनवेआधी होडी चकाचक करायची ती नावापासून. नाव मळकं ठेवून बाकीची होडी उजळली तर तो होडीचा अपमान. "समद्या गाडीला चकाकी नि तुज्याच नावावर धूळ," असं पुटपुटत त्यांनी कागद सोलला. पेस्टचं फडकं घेतलं आणि एकेका अक्षरावर जीव लावून घासू लागले.

फडकं पिवळं होत होतं. त्यांना तो मळ वाटत होता. मित्रांनो, मला हॉर्न आहे, पण तो माझा मला वाजवता येत नाही. आयुष्यात मला तेवढं असहाय कधी वाटलं नाही.

मेघाली आली तेव्हा दारावर पेस्टच्या पांढऱ्या थराशिवाय काहीच नव्हतं. तिच्या हातातली बाटली सांडली. "बाबा, काय केलंत हो," एवढंच ती म्हणाली. गोमाजींनी फडकं डोळ्यांशी नेलं, मग नाकाशी नेलं आणि तिथेच मातीत बसले.

प्रशांतने धावत येऊन ओल्या फडक्याने दार पुसलं. ओलं दार सगळं एकसारखं निळं दिसलं. मग ऊन लागून पाणी सुकू लागलं. उन्हाने खाल्लेला भाग पुन्हा पांढुरका झाला, पण पिवळ्या अक्षरांनी जो रंग इतकी वर्षं झाकून ठेवला होता, तो गडदच राहिला. आधी मोठा 'बा' आला, मग बाकीची अक्षरं, आणि शेवटी कडीखाली घसरलेली 'ई'.

"आता हे दार घासलं तर सगळं सारखं होईल," प्रशांत हळूच म्हणाला. "नाव जाईल."

"घास," गोमाजी म्हणाले. "पोरीचा धंदा हाय."

मेघालीने प्रशांतच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्याभोवती फिरले आणि दाराशी थांबले. "हे एकच का राहिलं?"

"आयचं नाव हाय, साहेब. तिच्या हातचं."

त्यांनी वाकून वाचलं, बराच वेळ वाचलं आणि सही केली.

इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला अडवलं नसतं. पण अक्षरांवरचं पिवळं पांघरूण आता नाही. मेघाली रोज मला धुते, त्या दाराला मात्र ऊन लागतंच, आणि अक्षरांचा निळाही पांढुरका होत चालला आहे. संध्याकाळी गोमाजी विचारतात, "दिसतंय ना गं?" आणि ती म्हणते, "दिसतंय बाबा." 'ई' गेल्या आठवड्यात दिसेनाशी झाली, हे ती त्यांना सांगत नाही.

फडक्याच्या त्या प्रकारानंतर गोमाजी ऑपरेशनला तयार झाले आहेत. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. त्यांना पुन्हा स्वच्छ दिसेल, तेव्हा ते सगळ्यात आधी माझ्याकडे येतील. मित्रांनो, कल्याणच्या बाजारात मी उभा दिसलो, तर माझ्या त्या दारावर एखादं गोणपाट टाका. तेवढा एक महिना मला उन्हापासून जपा.