मला आठ नंबर व्हायचे होते

मी एक जुना दगड आहे. पण मित्रांनो, रस्त्यावर ठेच लागते तसला नव्हे. माझा जन्म स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरच्या खडकात झाला. कारागिरांनी मला कापून, घासून गोल गरगरीत केले, डोक्यावर लाल मूठ बसवली आणि जहाजाने कॅनडाला पाठवले. तेव्हापासून मी सस्कॅचवानमधल्या एका छोट्या गावात, धान्याच्या उंच कोठाराशेजारी असलेल्या कर्लिंगच्या हॉलमध्ये राहतो. माझ्या मुठीवर सात हा आकडा होता. शेजारी आठ नंबर उभा असायचा. तो मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघे एकाच खडकातून निघालो. वजन सारखे, घेर सारखा. पृथ्वी दोघांनाही सारख्याच जोराने खाली ओढते. गुरुत्वाकर्षण पक्षपात करत नाही, तो माणसे करतात.

आमचा खेळ साधा आहे. बर्फाच्या लांब पट्टीच्या टोकाला रंगीत वर्तुळे असतात. दगड सरकवत नेऊन त्यांच्या मध्याजवळ थांबवायचा. आठ दगड लाल संघाचे, आठ पिवळ्यांचे, आळीपाळीने. दगडाला आपणहून हलता येत नाही. कोणी ढकलेल तेव्हा खरे. पण एकदा सुटला की बर्फाचे घर्षण त्याला थांबवेपर्यंत तो चालतच राहतो. म्हणून खेळाडू त्याच्यापुढे धावत झाडूने बर्फ घासतात. बर्फ किंचित ऊब धरतो, घर्षण कमी होते आणि दगड चार हात जास्त जातो.

शेवटचे दोन दगड कप्तानाचे. आमची कप्तान व्हर्ना एरवी शाळेची बस चालवायची, आणि तिची हाक ऐकून मागच्या बाकावरची पोरेही गप्प बसायची. ती आधी मला सोडायची, मग आठला. शेवटचा तो, म्हणून टाळ्या त्याला. कधी मी वर्तुळात उभा असताना तो मागून येऊन मला धडकायचा. धडकताच त्याचा सगळा वेग माझ्यात यायचा आणि तो जागच्या जागी थांबायचा. मग मी पुढे जाऊन पिवळ्या दगडाला बाहेर घालवायचो. आणि लोक काय म्हणायचे? "वा! काय आठ मारला!" धाव माझी आणि कौतुक त्याचे! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशी किती वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात, गावच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, बर्फाची निगा राखणाऱ्या लाइलने आठला उलटा केला आणि तो बघतच राहिला.

"व्हर्ना, ही बघ चीर. नेमकी टेकते त्या कडेलाच. हा आता सरळ जायचा नाही."

"अरे लाइल, उद्या सामना आहे रे!"

"मग काय करू? दगडाला प्लास्टर घालू?"

व्हर्ना थोडा वेळ आठच्या पाठीवर हात फिरवत बसली. माझ्या पाठीवर तसा हात तिने कधी फिरवला नव्हता. मग उठून म्हणाली, "सातला आठ कर. सातच्या जागी तो नवीन जादाचा दगड घे."

लाइलने पाना आणला आणि आमच्या मुठी काढून अदलाबदल केली. चीर गेलेल्या दगडाला त्याने दाराला टेकू म्हणून ठेवले. मित्रांनो, मला त्याची दया यायला हवी होती. पण तो आता येणाऱ्या-जाणाऱ्यांचे दार धरून उभा राहणार, या विचाराने मला आकाश ठेंगणे झाले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. समोर शेजारच्या गावाचा संघ होता, कप्तान अर्लीन. अखेरच्या डावापर्यंत बरोबरी झाली. त्यांचा एक पिवळा दगड मध्याजवळ बसला होता. त्याच्याहून जवळ आमचा एक जरी थांबला, तरी कप आमचा.

व्हर्नाने आधी नवा सात सोडला. तो सुळकन वर्तुळे ओलांडून थेट बाहेर गेला.

"बाई गं, बर्फ भलताच सटकतोय," ती तिच्या नणंदेला, डार्लीनला म्हणाली. "पुढचा हळूच सोडते."

"अगं वहिनी, मघाशी तर असा नव्हता!"

"पाहिलंस ना तो सात कसा गेला ते?"

बर्फ होता तसाच होता. नव्या दगडाचा तळच फार गुळगुळीत होता. मला ते कळत होते, पण दगडाला तोंड कुठले? आणि खरे सांगू? मला त्या क्षणी टाळ्यांची घाईच झाली होती.

मधे अर्लीनचा शेवटचा दगड कशालाही न लागता बाहेर गेला. मग व्हर्नाने मला सोडले, फारच हळू. अर्ध्या वाटेतच मी रेंगाळायला लागलो.

"घासा! अगं घासा, जीव गेला तरी चालेल!" व्हर्ना ओरडली.

डार्लीन धापा टाकत माझ्यापुढे झाडू घासत होती. वर्तुळात शिरताना तिचा झाडू माझ्या कडेला निसटता लागला. कोणी पाहिले नाही. मी सरकत सरकत गेलो आणि बरोबर मध्यावर थांबलो. हॉल दणाणला. मी दाराकडे पाहिले. बघ म्हटले, बघ!

तेवढ्यात डार्लीनने हात वर केला. "थांबा. माझा झाडू लागला त्याला."

आमच्या खेळात ज्याचा झाडू लागतो त्यानेच सांगायचे असते. मग दगडाचे काय करायचे ते समोरची कप्तान ठरवते. व्हर्ना अर्लीनकडे वळली.

"अर्लीन, सांग बाई. तू म्हणशील तसं."

अर्लीनने पायाने मला हलकेच बाजूला सारले. "वाईट वाटतं गं, व्हर्ना."

"मला काय कमी वाटतंय? चल, जिंकलीस ना, आता कॉफी तूच पाज."

माझा सगळा मान तिच्या बुटाच्या एका टोकाने संपला.

नंतर आम्हाला ओळीने उभे केले होते तिथेच बाकावर बसून दोघी नणंदा-भावजया बूट बदलत होत्या. डार्लीनचे डोळे भरून आले होते.

"माझ्यामुळे कप गेला, वहिनी."

"तुझ्यामुळे कसला? मीच हळू सोडला. इतकी वर्षं मी आधी सात सोडायचे, आणि तो कसा जातो ते बघून मला बर्फ कळायचा. आज मी आंधळी झाले होते गं. माझा सात हवा होता मला. आठ काय, कोणीही होतो."

ती हे माझ्याकडे पाठ करून बोलत होती. शेजारच्या नव्या दगडाच्या मुठीवर माझा सात चमकत होता. आयुष्यभर आठचा हेवा केला, पण त्या संध्याकाळी त्या साताचा जेवढा वाटला तेवढा कशाचाच वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी एखादा आठ नंबर असेल. त्याला बघून जळफळाट झाला तर होऊ द्या. पण त्या हेव्यापुढे झाडू घासत धावू नका. नाही घासले तर तो आपोआप थांबतो. आणि तुमच्यात जो आधी जाऊन मागच्याला वाट दाखवतो, त्याला त्याची किंमत तोंडावर सांगा. सामना हरायच्या आधी सांगा.