कोपऱ्यातला गोल

बस रे लॉनी, किल्लीची घाई नको करू. कॉफी गरम आहे, व्हॅन काही पळून जात नाही. उद्यापासून ती तुझीच, माझ्या गुडघ्यांनी हात टेकलेत. पण आधी तुला कीली वाव्राची गोष्ट सांगतो. ती ऐकल्याशिवाय किल्ली मिळायची नाही, सांगून ठेवतो.

तू पलीकडच्या जिल्ह्यातला, तुला आमच्याकडचं 'डबल' माहीत नसेल. वरच्या वर्गातली हुशार पोरं सकाळी कॉलेजात बसतात आणि दुपारी आपल्या शाळेत. कॉलेजात केलेला अभ्यास दोन्हीकडे धरतात. शाळा सरकारी, त्यामुळे आईबापाच्या खिशाला झळ नाही. कॉलेज नदीपार, बीटपासून साखर करतात त्या कारखान्याच्याही पुढं. म्हणून शाळा भरायच्या आधीच ही व्हॅन निघते. शाळा भरते तेव्हा आपण कुठंतरी मक्याच्या रानातनं चाललेलो असतो. हे ध्यानात ठेव.

त्या साली पोरं पाच होती. एकाला फुटबॉल सांभाळून हे झेपेना, एकाला सकाळी उठवेना. दोघांचं प्रेम होतं, ते मोडलं तर दोघांनीही गाडी सोडली. थंडी पडायच्या आत एकटी कीली उरली.

चढली की रिकाम्या सीटांकडं बघून म्हणायची, "मिस्टर डेल, आज गर्दी फारच आहे हो."

"उभंच राहावं लागणार बघ तुला," मी म्हणायचो.

"चालेल. म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी म्हणतात."

"म्हातारा कुणाला म्हणतेस गं? ब्रेक दाबीन आत्ता!"

तोंडाळ होती, पण गोड. बाप धान्याच्या कोठारावर कामाला, आई दवाखान्यात रात्रपाळीला. घरी दोघं एका वेळी जागे सापडायचेच नाहीत. कॉलेजात हिच्या बाकावर कोण, तर दोन लेकरांची आई आणि दाढीवाला मेकॅनिक. माणसं चांगली, पण तास संपला की आपापल्या गाड्या काढून चालती व्हायची. शाळेत परतावं तर जेवणाची सुट्टी संपलेली. पोरं म्हणायची, "आल्या बघा प्रोफेसरबाई!" हसून म्हणायची रे, वाईट मनानं नव्हे. पण सकाळी काय गंमत झाली, कोण कुणाशी भांडलं, ते हिला ठाऊक नसायचं. सगळे हसले की ही पण हसायची, एक क्षण उशिरा. मी व्हॅन लावताना खिडकीतनं बघितलंय.

जेवायची ती गाडीतच. मी खिमा-कोबी भरलेला पाव आणायचो, त्यातला अर्धा तिला. बायको गेल्यापासून विकतचाच. तोंड वाकडं करून म्हणायची, "मिस्टर डेल, हा पाव भाजलाय की वाळवलाय?" आणि सगळा संपवायची.

आता फोटोचं. शाळेत शिरलास की डाव्या हाताची भिंत बघ. दर साली शेवटच्या वर्गाचा एक मोठा फोटो, मैदानाच्या पायऱ्यांवर काढलेला, सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे. अख्ख्या गावाचे आजे-पणजे आहेत त्या भिंतीवर. कीलीची आई आहे, आजी आहे. लहानपणापासून कीली आपली जागा ठरवून बसलेली. "आजी वरच्या पायरीवर, आई पण वरच्या पायरीवर. मी उंच आहे, मी पण वरच."

तर एका मंगळवारी आम्ही परतलो आणि दारातच बघतो तो सगळा वर्ग निळ्या शर्टात. कीलीच्या अंगात करडा स्वेटर.

रेगन तिची जिवाभावाची मैत्रीण. कीलीला बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं, तू कुठं होतीस? फोटो झाला ना!"

"कसला फोटो?"

"वर्गाचा! स्पीकरवर सांगितलं ना. काल सांगितलं, आज पण सांगितलं."

"रेगन, स्पीकर लागतो तेव्हा मी असते का इथं?"

एवढ्या सगळ्यांत कुणाच्याच डोक्यात आलं नाही बघ. आपल्याकडं सकाळी स्पीकरवर सांगितलं की जगाला कळलं, असंच धरून चालतात. कागद नाही, फोन नाही. पिढ्यान् पिढ्या हेच.

मुख्याध्यापक स्ट्राउड माणूस वाईट नाही. तिला जवळ बोलावून म्हणाला, "हे बघ बेटा, वाईट नको वाटून घेऊ. तुझा वेगळा फोटो काढू आणि वरच्या कोपऱ्यात गोलात बसवू. झालं!"

कीली त्याच्याकडं बघतच राहिली.

का, ते सांगतो तुला. त्या भिंतीवर कोपऱ्यात गोल असलेले दोनच फोटो आहेत. एका गोलात बीन्हार्टचा पोरगा, कोठारातल्या धान्याखाली गुदमरून गेला तो. दुसऱ्यात एक पोरगी, बर्फात गाडी घसरून गेली. आमच्याकडं तो गोल मेलेल्या पोरांचा. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. स्ट्राउड बाहेरून आलेला, त्याला काय कल्पना!

"सर," कीली म्हणाली, "मी मेलेय का?"

त्याला कळेचना. मी कोपऱ्यात नेऊन समजावलं तेव्हा बिचारा लालबुंद झाला. मग म्हणाला, फोटोवाल्या बाईंना परत बोलावतो.

"कधी बोलावता?" मी विचारलं. "सकाळी हिला प्रयोगशाळा असते. तिथले मास्तर वेळ झाली की आतनं कडी घालतात. आणखी एकदा चुकली तर वर्षाचं केलेलं पाण्यात."

दुपारी फोटोवाल्या बाईंना दुसरीकडं कामं, म्हणून शेवटी ठरलं, गुरुवारी व्हॅन सुटायच्या आधी. त्या दोन दिवसांत कीलीनं मला तिच्या वरच्या पायरीबद्दल इतकं सांगितलं की मला ती पायरी पाठ झाली. आईनं निळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आणि स्ट्राउडनं गुरुवारचं पोरांना कसं कळवलं, सांग बघू? बरोब्बर. स्पीकरवर.

पोरांनी ऐकलं असणारच. पण फोटो काढून झालेला, त्यांच्या लेखी तो विषय संपला होता. त्यात कुणाच्या घरी गाईगुरं, कुणी उशिरापर्यंत दुकानात कामाला. झुंजुमुंजू होताना थंडीत कोण येतंय?

रेगन आली. कोल्बी म्हणून एक पोरगा आला, वासरांना दूध पाजून थेट, बाही पांढरी झालेली. तिसरं कुणी नाही. फोटोवाल्या बाईंनी कॅमेरा लावला. गवतावर दंव होतं. कीली वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. ती दोघं खाली. सगळे रस्त्याकडं बघत होते. एक ट्रक आला, तो सरळ पुढं निघून गेला.

"येतील गं," रेगन म्हणाली.

"ब्रॉडी म्हणाला होता येतो म्हणून," कोल्बी म्हणाला. मग बुटाकडं बघून म्हणाला, "म्हणजे, बघतो म्हणाला होता."

मी इंजिन चालू ठेवलेलं. घड्याळाकडं बघायचो आणि लगेच नजर फिरवायचो. जरा थांबू, रस्त्यात गाडी दामटू, असं चाललेलं मनात. तेवढ्यात तीच उतरली. सावकाश, एकेक पायरी.

"चला मिस्टर डेल. कडी लावतील."

बाई म्हणाल्या, "बाळा, तुम्हा तिघांचा तरी काढू?"

"नको. तो वर्गाचा नाही होणार."

"मग गोलाचं काय सांगू सरांना?"

"नको म्हणून सांगा. मी जिवंत आहे."

रेगन रडायला लागली. कीलीनंच तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं आणि गाडीत येऊन बसली.

पूल ओलांडला. नदीवर धुकं होतं. मग म्हणाली, "मिस्टर डेल, तुम्ही कुठल्या सालच्या फोटोत आहात? मी कधी शोधलंच नाही."

"मी नाही गं भिंतीवर. दहावी झाली आणि बीटच्या ट्रकवर गेलो."

"वाईट वाटतं?"

खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "आत गेलो की अजून बघतो कधीकधी. माझ्या वर्गातली पोरं आहेत तिथं."

ती काचेबाहेर बघायला लागली. कापलेली मक्याची रानं, दुसरं काय दिसणार? मग नुसतं "हं" म्हणाली. कडी पडायच्या आत पोचवली मी तिला. उतरताना मागं वळून बघितलं नाही.

वर्ष काढलं तिनं. दोन्हीकडं पास झाली, चांगल्या गुणांनी. आता लांब असते, मोठ्या शहरात. नाताळात कार्ड येतं. पण वर्ग एकोणीस जणांचा, आणि त्या सालच्या फोटोत अठराच पोरं आहेत, आणि भिंतीजवळनं जाताना माझी नजर आपसूक वरच्या पायरीकडं जाते. तिथं कुणीतरी भलताच उभा आहे.

यंदा तुझ्या गाडीत दोघंच आहेत, एक पोरगा आणि एक पोरगी. परत आणलंस की लगेच गाडी धुवायला जाऊ नको. आधी ऑफिसात जा. खिडकीत मॅक्सीनबाई असतात, त्यांना विचार, आज स्पीकरवर काय सांगितलं? कुरकुर करतील, करू देत. मग पोरांना गाठून सगळं सांग, अगदी जेवणाला काय होतं तेसुद्धा. ही घे किल्ली. पण एवढं करशील ना रे लॉनी?