गाळावरची काळी घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी हाय. दगडाबाईच्या काळ्या मेंढरांची लोकर, अन् तिच्याच सासऱ्यानं विणलेली. अंगाला चार भोकं पडली, पर ऊब अजून शाबूत हाय. माझं काम ऐकून हसताल. कळंबकडच्या तलावावर माझे मालक महांतप्पा पाखरांचे फोटो काढाय जायचे, तवा मला पांघरून गाळात पालथे पडायचे. काठाला मेंढरं चरतेत. पाखरांना वाटायचं, बसलंय एखादं मेंढरू.

औंदा त्यांची लेक महेश्वरी पानापानांचा हिरवा तंबू घेऊन आली. "अप्पा, ह्याच्यात बसा. ती घोंगडी वास मारतीय."

वास! अन् मला तंबूत खाली अंथरलं. वर तो नवरदेवागत, खाली मी पायपुसणं. लई जळले बघा. मनात म्हणलं, आज एक पाखरू फिरकू नये.

अप्पांना पट्टेवाल्या हंसाचा समोरून फोटो पायजे व्हता. सात वरसं नुस्त्या शेपट्याच गावल्या व्हत्या. होळीच्या आत हंस उत्तरेला निघून जातेत, अन् होळी परवावर आलेली.

हंस आले, घिरटी घातली अन् लांब पल्याड उतरले. दुसऱ्यांदाबी तसंच. मी खुशीत! तेवढ्यात अप्पांचं कोपर माझ्यावर टेकलं.

"गेलं हे बी वरीस," ते पुटपुटले. माझी खुशी तिथंच इरली.

मेंढरांमागनं आलेली दगडाबाई तंबूपाशी थबकली. "अप्पा, सगळा काठ उघडाबोडका. मग हे झुडुप एका रातीत कुठनं उगवलं? पाखरं काय येडी हायती व्हय?"

महेश्वरी खजील झाली. "अप्पा, घोंगडीच घ्या."

"अगं, वास मारतीय न्हवं?"

"मारू द्या!"

अप्पा मला पांघरून मेंढरांच्या कडंला पडले. म्याबी दम रोखला. तासाभरानं हंस चरत चरत जवळ आले. एकानं मान उचलून थेट आमच्याकडं बघितलं. खट्!

आता तो फोटो भिंतीवर हाय. लोक हंसाला वानतेत, क्यामेऱ्याला वानतेत. माझं नाव कुणी घेत न्हाय. जळतेच की! मित्रांनो, नवं जरूर आणा, पर जुन्याला पायाखाली घालायच्या आधी त्याला काय येतंय ते बघा. अन् मधनंमधनं ऊन दाखवत जावा, लोकर खाणारी कसर लई वाईट.

तंबू पेटीत माझ्याखाली रुसून बसला व्हता. त्याला म्या समजावलं, "पावसाळ्यानं काठ हिरवा झाला की तुझी पाळी."

समजावलं खरं, पर पेटीतली वरची जागा काय सोडली न्हाय.