न उघडलेली कुपी

जरा इकडे बघा, मी लशींची पेटी बोलतेय. निळ्या प्लॅस्टिकची, जाड भिंतींची, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची. पोटात बर्फ घेऊन जन्मभर फिरायचं, हेच माझं काम. माझा स्वभावही थंड आहे म्हणतात, पण ते खरं नाही.

कारखान्यातून दवाखान्यात आले ती थेट नर्सबाईंच्या खांद्यावर चढले. बाई बोलायला कडक, पण हात हलका. पोटच्या लेकरापेक्षा मला जास्त जपायच्या. "झाकण उगाच उघडायचं नाही," हे दिसेल त्याला बजावायच्या.

त्या वर्षी तापाची साथ आली. शाळेतल्या मोठ्या मुलांना आणि वस्तीतल्या लोकांना शाळेतच लस द्यायचं ठरलं. दहावीच्या वर्गात, नर्सबाईंच्या टेबलावर मला ठेवलं. नुकती मिसरूड फुटलेली पोरं बाहेर मोठ्या बाता मारायची आणि सुई दिसली की पांढरीफटक पडायची. मला हसू आवरेना.

संध्याकाळी आवराआवर चालली असताना एक शिवणकाम करणारी बाई धापा टाकत आली. कामावरून सुटायलाच तिला उशीर झाला होता. तिची दहावीतली मुलगी सकाळीच टोचून घेऊन आईची वाट बघत बसली होती.

"ताई, उघडलेली कुपी संपली हो," नर्सबाई म्हणाल्या. "नवीत दहा जणांची लस असते, आणि उघडली की आजच संपवावी लागते. एकट्या तुमच्यासाठी उघडली तर उरलेली वाया जाईल. मला वर जाब द्यावा लागतो."

"मी आणते माणसं," मुलगी म्हणाली आणि पळालीच.

तिनं न्हावी आणला, किराणावाल्याची सून आणली, दोन हमाल धरून आणले. दर खेपेला नर्सबाई झाकण उघडायच्या, आता फोडावी का म्हणून कुपी हातात घ्यायच्या, माणसं मोजायच्या आणि परत आत ठेवायच्या. आपलाच नियम त्या विसरल्या. माझ्या बर्फाचं पाणी होत चाललं होतं आणि मला सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

अंधारून आलं. शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. हमाल कंटाळून निघून गेले.

"राहू दे गं," आई मुलीला म्हणाली. "पुढच्या खेपेला घेईन. कुठं पळून चाललेय मी?"

दवाखान्यात पोचेपर्यंत कुपी गरम झाली होती. दुसऱ्या दिवशी ती भरलेली, तशीच फेकून दिली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या शिबिराआधीच ती आई तापात गेली.

दुसऱ्या डोसला मुलगी सगळ्यांच्या शेवटी आली. तेव्हाही कुपी नुकतीच संपली होती. नर्सबाईंनी मुकाट्यानं नवी उघडली.

"माझ्या एकटीसाठी?" मुलीनं विचारलं.

"हो गं बाळा."

"मग आईसाठी पण उघडता आली असती."

नर्सबाईंनी सुई भरायला घेतली. मुलीनं बाही वर सरकवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आता माझं बूड तडकलंय, बर्फ टिकत नाही, म्हणून मला दवाखान्याच्या माळ्यावर टाकलंय. माझ्या जागी नवी पेटी फिरते. तिला खांद्यावर घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. वाया गेलेल्या लशीचा जाब वर देता येतो. त्या मुलीला काय जाब द्यायचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.