ढोलावरची नावं

“तेराव्याच्या आत रंगाचा डबा घिऊन कुनी दारात येतंय व्हय रे? आईनं एवढंबी शिकवलं न्हाई?” मुक्ताबाई उंबऱ्यातूनच म्हणाली.

राधाकृष्ण डबा पाठीमागं लपवायला गेला, तर पांढरा रंग त्याच्याच बेलबॉटमवर सांडला.

मुक्ताबाईच्या पोराला, सहादेवला, जाऊन नऊ दिवस झाले होते. दुष्काळात सगळी देवळाली विहिरी खोल करत होती. सहादेव विहिरीत सुरुंग लावायला उतरला, तो वर आलाच नाही. रडायला आलेल्या बायका मुक्ताबाईचं कोरडं तोंड बघून कंटाळून घरी गेल्या.

त्याचा ढोल ओसरीवर तसाच पडून होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं आणि राधाकृष्णानं मुक्ताबाईच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात रॉक बँड काढला. राधाकृष्णाची नगरहून आणलेली गिटार, सहादेवचा ढोल. तिसरा गडी मात्र टिकेना. ढोलाच्या कातड्यावर तिघांची नावं तैलरंगात होती. गहिनीनाथ मिलिटरीत भरती झाला. त्याच्या नावावर पांढरा हात मारून छगनचं लिहिलं. छगन मुंबईला मिलमध्ये गेला. त्याच्या जागी श्रीमंत नावाचा गडी आला.

“बैलं तरी एवढी बदलत न्हाईत गं बाई,” मुक्ताबाई टोमणा मारायची. सहादेव हसून पायानं ढोल दणकवायचा. पहिली दोन नावं कधी हलली नव्हती.

“काकी, परवा राहुरीला कॉलेजात कार्यक्रम हाय,” राधाकृष्ण पुटपुटला. “सहादेव असतानाच शबूद दिलाय. वाजवायला नवा गडी मिळालाय. त्याचं नाव...”

“ने ढोल. पन आधीचं नाव पुस. माज्यासमोर.”

त्यानं कुंचला बुडवला. रंग सारवलेल्या जमिनीवर टपटपत राहिला. हात काही पुढं जाईना.

“दे हिकडं. भिंती पोतारन्यात जलम गेला माजा.” ती ढोलापुढं बसली. “ह्यातलं माज्या पोराचं कुटलं?”

मुक्ताबाईला वाचता येत नाही हे गावाला ठाऊक होतं. राधाकृष्णानं पहिल्या दोन नावांतल्या एकावर बोट ठेवलं. ते कुठं ठेवलं, हे तिनं नीट पाहिलं. मग आडवा, उभा, पुन्हा आडवा, भिंत पोतारावी तसा कुंचला फिरवला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

कुंचला डब्यात टाकून तिनं चोळीची बाही वर सरकवली. दंडावर हिरवं गोंदण होतं. सहादेव पाच वर्षांचा असताना जत्रेत गोंदून घेतलेलं त्याचं नाव. रोज आंघोळीला बसताना दिसणारी चार अक्षरं. तिनं दंड ढोलाजवळ नेला. तीच चार अक्षरं ओल्या रंगाच्या शेजारी जशीच्या तशी होती.

“काकी...”

“गप.” तिनं बाही खाली ओढली. “खोटं बोललास, राध्या. सवताचं नाव पुसून घेतलंस. आता नव्याचं तितंच लिव्ह, आन तू बिननावाचा वाजव.”