माळवदावर ठेवलेली उशी

मी एक जुनी उशी आहे. निजामाच्या राज्यात, शिरूर कासारजवळच्या एका वाडीत रुक्मिणीबाईने मांजरपाटाच्या खोळीत सावरीचा कापूस भरून मला शिवले, ते तिच्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, छबूसाठी. छबू रोज माझ्यात तोंड खुपसून गाणी पुटपुटायची. सूर धड नसायचा, पण मला ती गाणी फार आवडायची.

एका उन्हाळ्यात छबूला सणसणून ताप भरला. डोके ठणकू लागले, उजेड सोसेना आणि मान पुढे वाकेना.

"मान आखडलीया. उशी उन्हात टाकते, उतरंल," रुक्मिणीबाई म्हणाली.

मित्रांनो, आमच्याकडे मान अवघडली की दोष उशीचाच; ती उन्हात तापवली की मान सुटते, असे मानतात. मी दोन दिवस माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, तापत पडले आणि खाली छबू भ्रमात बडबडू लागली. तिसऱ्या दिवशी ती आईलाही ओळखेना. तेव्हा तिचा बाप शहादेव याने गाडी जुंपली. मला तिच्या डोक्याखाली घालून तिला बीडला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी छबूचे डोके उचलले, तर खांदेही वर आले.

"हे मानेचं दुखणं नाही," ते म्हणाले. "मेंदूभोवती पातळ पडदे असतात. तिथं जंतू शिरून पू झालाय. मेंदू सुजला की कवटीत जागा कुठली? तो चेंगरतो, त्याच्या नसा खराब होतात."

"वाचंल का, साहेब?" शहादेवने विचारले.

"हमखास औषध नाही. कंबरेतून सुईनं पाणी काढून दाब कमी करू. आधी आणायला हवं होतं."

छबू वाचली. मी मनातून हरखले. पण घरी आल्यावर आईने मागून हाक मारली, "छबे, भाकर खा," तर ती वळलीच नाही.

"लई लाडावलीया. मुद्दाम करती," शहादेव चिडून म्हणाला.

रुक्मिणीबाईने समोर येऊन पुन्हा हाक मारली. छबू तिच्या ओठांकडे नुसती पाहत राहिली. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा त्या दुखण्यात कायमच्या गेल्या होत्या. रुक्मिणीबाई मला पोटाशी धरून खूप रडली. मला तिचा राग आला नाही, कीव आली.

छबूची गाणी थांबली. आई आजही चुकून पाठमोऱ्या छबूला हाक मारते, मग उठून तिच्या खांद्यावर हात ठेवते. वाडीत कुणाचे लेकरू तापले की ती धावत जाते आणि विचारते, "हनुवटी छातीला लागती का?"

मित्रांनो, ताप, डोकेदुखी आणि न वाकणारी मान एकत्र दिसली तर मला वाळवत बसू नका. आधी लेकराला गाडीत घाला. छबूचे कान त्या दोन दिवसांत गेले.